कान नसलेल्या कपात रोजचा चहा: गाइवानविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाइवान म्हणजे झाकण असलेला आणि कान नसलेला चिनी कप. गेली चार वर्षं माझा रोजचा पानांचा चहा यातच होतो. टेबलावर तो दिसला की माणसं ठरावीक प्रश्न विचारतात, आणि तेच प्रश्न सुरुवातीला मलाही पडले होते. काही उत्तरं लांबली आहेत, कारण नेमकं तिथेच लोक अडतात आणि भांडं कपाटात ठेवून देतात.

गाइवान म्हणजे नेमकं काय?

वाटी, झाकण आणि बशी अशा तीन वस्तूंचा हा संच. चिनी भाषेत 'गाइ' म्हणजे झाकण आणि 'वान' म्हणजे वाटी. नाव इतकं सरळ आहे. वाटी तोंडाशी पसरट आणि बुडाशी निमुळती असते. झाकण काठावर टेकत नाही, काठाच्या थोडं खाली, आतल्या बाजूला बसतं. सगळं काम चालतं ते या एका गोष्टीवर. झाकण आत बसत असल्यामुळे ते जरा कलतं करता येतं, कलतं केलं की एका बाजूला फट पडते, आणि वाटी वाकवली की त्या फटीतून चहा बाहेर येतो, पानं आत अडतात. वेगळं गाळणं लागत नाही.

चीनमध्ये या तीन वस्तूंना अर्थही दिलेला आहे: वरचं झाकण म्हणजे आकाश, खालची बशी म्हणजे धरती आणि मधली वाटी म्हणजे माणूस.

साधा कप आणि गाळणं असताना हे कशाला?

पानांचा चहा बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: पानं पाण्यात हवी त्यापेक्षा जास्त वेळ राहतात. मोठ्या किटलीत चार कप चहा केला, पहिले दोन ओतले, की उरलेला चहा पानांवर मुरत राहतो आणि तिसरा कप कडू निघतो. जाळीच्या डबीत पानं कोंबली तर त्यांना उलगडायला जागा मिळत नाही. गोळ्यांसारखा वळलेला ऊलाँग, म्हणजे हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा, तर भिजल्यावर कित्येक पटींनी फुगतो. सुरुवातीला वाटीच्या तळाशी चमचाभर दिसणारी पानं तिसऱ्या पाण्यापर्यंत झाकणाला जाऊन भिडतात.

गाइवानमध्ये पानं मोकळी असतात आणि सगळं पाणी पाच-सहा सेकंदांत बाहेर काढता येतं. पाणी निघालं की चव उतरणं थांबतं. पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा काढायचं. पहिल्या पाण्याची चव वेगळी, तिसऱ्याची वेगळी, सहाव्याची आणखी वेगळी. पानांपासून पाणी कधी वेगळं करायचं हे पूर्णपणे आपल्या हातात येतं, आणि माझ्या लेखी या कपाचं सगळं मोल त्यातच आहे.

दुसरं कारण वासाचं. चहा ओतून झाल्यावर झाकण उचला, उलटं करा आणि आतली बाजू नाकाशी धरा. वाफेबरोबर वर गेलेला वास तिथल्या ओलाव्यात साचलेला असतो. फुजिआन प्रांतातल्या वुयी डोंगरातला, कोळशाच्या धगीवर भाजलेला ऊलाँग घेतला तर गरम झाकणाला आधी नुसता खमंग भाजका वास येतो. अर्ध्या मिनिटाने झाकण निवलं की त्याच जागी गोडसर, फुलासारखा वास उरतो. कपातल्या चहात हा फरक इतका स्पष्ट कळत नाही. मी रोज चहा पिण्याआधी झाकण हुंगते, आणि आज पानं जास्त मुरली की कमी, हे बऱ्याचदा तिथेच समजतं.

हे भांडं आलं कुठून?

चहा पाण्यात नुसता भिजवून पिण्याची पद्धत चीनमध्ये रुळली त्यानंतरचं हे भांडं आहे. तांग काळात, म्हणजे इ.स. ६१८ ते ९०७ च्या दरम्यान, दाबून केलेल्या चहाच्या वड्या भाजत, कुटत आणि पाण्यात उकळत. सोंग काळात बारीक पूड वाडग्यात घुसळून पीत. मग १३९१ मध्ये मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याने दरबारी नजराण्यातल्या दाबलेल्या चहाच्या वड्या बंद करवल्या आणि सुटी पानं मागवली. सुट्या पानांचा चहा तिथून वाढत गेला. पानं पाण्यात तरंगणार, तर ती तोंडात येऊ नयेत आणि चहा गरम राहावा, या दोन्हींसाठी झाकणाची वाटी सोयीची होती. मिंग काळात सुरू झालेली ही वाटी छिंग काळात, म्हणजे १६४४ ते १९१२ मध्ये, राजवाड्यापासून चहाघरापर्यंत सगळीकडे पोचली.

बशीची कथा याहून जुनी आहे. तांग काळात सिचुआनमधला अधिकारी त्सुइ निंग याच्या मुलीची गरम वाटीने बोटं भाजायची, म्हणून तिने बशीत मेणाचं कडं करून त्यात वाटी बसवली, अशी आख्यायिका आहे. बाराशे वर्षांनंतर नव्याने गाइवान घेणाऱ्याची पहिली तक्रारही तीच असते.

सिचुआनची राजधानी छेंगदू इथे हा कप आजही रोजच्या वापरात आहे. तिथल्या पीपल्स पार्कमधलं हमिंग चहाघर १९२३ पासून चालू आहे. बांबूच्या खुर्च्या, समोर झाकणाची वाटी, आणि गरम पाणी घेऊन फिरणारा माणूस. झाकण काढून बशीला टेकवून ठेवलं की तो समजतो, पाणी हवंय. चीनमधल्या चहा बनवण्याच्या पारंपरिक पद्धती आणि त्याभोवतीच्या रीती २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आल्या.

बोटं भाजत नाहीत का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भाजतात, पण कारणं ठरलेली आहेत. पहिलं कारण वाटी काठोकाठ भरणं. गाइवानचा काठ बाहेर वळलेला असतो, तो धरण्यासाठीच. पाणी झाकण टेकतं त्या रेषेच्या खाली राहिलं तर काठाला पाणी लागत नाही आणि तो धरण्याइतका कोमट राहतो. पाणी त्या रेषेच्या वर गेलं की काठही तापतो, झाकणाच्या कडेने गरम पाणी उसळतं आणि बोटाला लागतं. पहिल्या आठवड्यात माझा अंगठा दोनदा पोळला, दोन्ही वेळा वाटी काठापर्यंत भरलेली होती. पाणी बोटभर कमी घालायला लागले त्या दिवसापासून पोळणं थांबलं.

दुसरं कारण धरण्याची पद्धत. अंगठा आणि मधलं बोट काठाच्या समोरासमोरच्या टोकांवर ठेवायची, आणि तर्जनी झाकणाच्या गुंडीवर. उरलेली दोन बोटं वर उचलून धरायची, वाटीच्या पोटाला ती लागता कामा नयेत. गरम भाग पोटच असतो. झाकणाची फट अंगठा आणि मधलं बोट यांच्या बरोबर मधोमध, तळहाताच्या विरुद्ध बाजूला यायला हवी, म्हणजे चहाची धार आणि वाफ दोन्ही बोटांपासून दूर जातात. फट साधारण तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी पुरते. जास्त ठेवली तर पानं निसटतात, फारच कमी ठेवली तर धार तुंबते आणि तेवढा वेळ गरम वाटी हातात राहते.

तिसरं कारण भीती. भीतीमुळे माणूस वाटी हळूहळू वाकवतो, धार काठावरून खाली ओघळते, आणि पाच-सहा सेकंदांचं काम पंचवीस सेकंद चालतं. वाटी उचलल्यावर मनगट एका दमात वळवा, जवळजवळ उभी होईपर्यंत. चहा सरळ खाली पडतो, ओघळत नाही.

काठ धरणं जमतच नसेल तर बशीसकट उचलण्याची रीत आहे: चार बोटं बशीच्या खाली, अंगठा झाकणाच्या गुंडीवर. गरम भागाला हातच लागत नाही. ही रीत अवघड दिसते, पण ज्यांची बोटं लहान आहेत त्यांना ती पहिलीपेक्षा सोपी जाते.

आणि एवढं करूनही एखाद्या वेळी असह्य गरम वाटलं तर पकडून ठेवू नका, लगेच खाली ठेवा. चहा सांडला तर सांडू दे. बोट पोळलंच तर निदान दहा मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा.

घेताना काय बघायचं?

आधी आकार. एका माणसाला १०० ते १२० मि.ली. चा गाइवान पुरतो. लिहिलेलं माप काठोकाठ भरल्याचं असतं, त्यामुळे १२० मि.ली. च्या वाटीतून हातात चहा येतो साधारण ९० मि.ली. पुढच्या पाण्यांचा चहा येतच राहतो, म्हणून हे कमी पडत नाही. १५० च्या पुढची वाटी भरल्यावर जड होते आणि लहान हाताला काठ पेलत नाही. माझा पहिला गाइवान २०० मि.ली. चा होता. दिसायला सुंदर होता, पण वापरायला मला तो कधीच जमला नाही.

मग काठ. तो बाहेर नीट वळलेला हवा. सरळ काठाच्या वाट्या फोटोत छान दिसतात, नवशिक्याने मात्र त्या घेऊ नयेत. दुकानात मिळत असेल तर रिकामी वाटी वर सांगितल्याप्रमाणे धरून, मनगट वळवून बघा. बोटं ताणली जात असतील तर ती वाटी तुमच्या हाताची नाही. झाकण वाटीत ठेवून गोल फिरवा. कुठे अडकत असेल किंवा एका जागी डुगडुगत असेल तर सोडून द्या. झाकणाची गुंडी खोलगट असेल तर बोटाचं टोक तिच्यात बसतं आणि झाकण घसरत नाही.

चिनी माती, काच की साधी भाजलेली माती?

पहिला गाइवान चकाकीच्या चिनी मातीचाच घ्या. चिनी माती वास आणि चव धरून ठेवत नाही, त्यामुळे सकाळी हिरवा चहा आणि दुपारी गडद ऊलाँग एकाच वाटीत चालतो. पातळ भिंतीची वाटी स्वतः कमी उष्णता पिते, म्हणजे पाण्याचा ताप पानांना मिळतो. चीनमध्ये चिनी मातीच्या भांड्यांचं शतकानुशतकांचं केंद्र जिआंगशी प्रांतातलं जिंगदेझेन.

काचेच्या गाइवानमध्ये पानं उलगडताना दिसतात. हिरव्या चहासाठी तो मला आवडतो, पण आधणाच्या पाण्याला काच हाताला झोंबते. जिआंगसू प्रांतातल्या यीशिंगच्या बिनचकाकीच्या मातीची भांडी चहाचा वास शोषून घेतात, म्हणून ती एकाच प्रकारच्या चहाला वाहिलेली ठेवतात. रोज वेगवेगळा चहा करणाऱ्याला ते सोयीचं नाही.

पानं किती, वेळ किती?

चमच्याने मोजू नका. पांढऱ्या चहाची (म्हणजे कोवळ्या कळ्या-पानं नुसती सुकवून केलेल्या चहाची) पानं हलकी, फुललेली असतात, तर ऊलाँगच्या गोळ्या जड. एकाच चमच्यात दोन्हींचं वजन दुपटीहून जास्त वेगळं भरतं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतलात तर पहिल्या महिन्यातला निम्मा गोंधळ संपतो. नंतर नजर तयार होते आणि काटा क्वचितच लागतो.

माझी रोजची मापं १०० मि.ली. पाण्याला अशी आहेत. हांगजोचा लाँगजिंग किंवा तसा हिरवा चहा ३ ग्रॅम, पहिलं पाणी ४० सेकंद. फुजिआनमधल्या आनशीचा तिएगुआनयिन ऊलाँग ५ ग्रॅम, २० ते २५ सेकंद. आन्हुई प्रांतातला किमून किंवा युन्नानचा काळा चहा ४ ग्रॅम, १५ सेकंद. पांढरा चहा ४ ग्रॅम, जवळजवळ एक मिनिट. युन्नानचा मुरवलेला पुअर ५ ग्रॅम, १० सेकंद. दुसरं पाणी साधारण तेवढंच किंवा थोडं कमी, कारण पानं तोवर भिजून उघडलेली असतात. तिसऱ्यापासून दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवत जायचं.

ही मापं म्हणजे फक्त सुरुवात. कडू लागला तर वेळ कमी करा, पाणचट लागला तर वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, पानं आणि वेळ दोन्ही एकदम बदललं तर काय चुकलं ते कळणार नाही.

दोन अधिकृत मापं शेजारी ठेवली की फरक कळतो. चहा चाखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे १९८० मध्ये पहिल्यांदा आलेल्या आयएसओ ३१०३ मध्ये, १०० मि.ली. ला २ ग्रॅम चहा ६ मिनिटं ठेवतात. निरनिराळे चहा एकाच मापाने तोलता यावेत म्हणून ती पद्धत आहे, आवडीने पिण्याचा तिच्यात विचार नाही. चीनमधले परीक्षक ऊलाँगसाठी ११० मि.ली. चा गाइवानच वापरतात, ५ ग्रॅम पानं घालून, तीन वेळा पाणी काढून.

पाणी किती तापलेलं हवं?

हिरव्या चहाला ७५ ते ८० अंश, पांढऱ्याला ८५ ते ९०, ऊलाँगला ९५ च्या आसपास, काळ्या चहाला ९० ते ९५, आणि पुअरला खळखळतं आधण. गरम पाणी पानांतली तुरट आणि कडू द्रव्यं झपाट्याने ओढून घेतं. हिरव्या चहाची गोडी ज्यांच्यामुळे असते ती द्रव्यं मात्र कमी तापलेल्या पाण्यातही सहज उतरतात. म्हणून हिरव्या चहाला पाणी निववायचं.

तापमापक नसेल तर आधण आलेलं पाणी थंड भांड्यात ओता, मग त्यातून दुसऱ्यात. दर वेळी ते काही अंशांनी उतरतं. दोन-तीन वेळा ओतून मिनिटभर थांबलं की हिरव्या चहाजोगतं होतं. उंचावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की दर ३०० मीटरला पाणी सुमारे एक अंश आधीच उकळतं. दीड हजार मीटर उंचीवर खळखळतं पाणीसुद्धा ९५ अंशांचंच असतं, तिथे ऊलाँग आणि पुअरला थेट आधणाचंच पाणी वापरा.

चहावर तवंग येत असेल, रंग मळकट आणि चव दबलेली वाटत असेल, तर पानांना दोष देण्याआधी पाणी बघा. जड पाण्यात हे हमखास होतं. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी एकदा वापरून बघा. मी हे दोन वर्षं टाळलं होतं, आणि पाणी बदललं त्या दिवशी तोच जुना हिरवा चहा मला नवा वाटला.

पहिलं पाणी फेकून द्यायचं का?

पुअर आणि घट्ट वळलेल्या ऊलाँगला आधणाचं पाणी घालून पाच सेकंदांत काढून टाकलं तर पानं सैल होतात आणि पुढचा चहा एकसारखा उतरतो. हिरव्या, पांढऱ्या आणि काळ्या चहाचं पहिलं पाणी मी कधी फेकत नाही, नाजूक वास त्याच पाण्यात असतो.

पहिलं पाणी टाकलं की कॅफीन निघून जातं हा समज मात्र खरा नाही. एवढ्या थोड्या वेळात कॅफीनचा लहानसा वाटाच पाण्यात येतो, बाकीचा पानांतच राहतो. रात्री झोप उडत असेल तर चहा दुपारीच प्या.

थेट गाइवानमधूनच चहा प्यायला चालतो का?

चालतो, आणि छेंगदूच्या चहाघरात तसाच पितात. बशीसकट वाटी उचलायची, दुसऱ्या हाताने झाकण थोडं मागे सारायचं, पानं झाकणाच्या कडेने अडवायची आणि फटीतून घोट घ्यायचा. झाकण पाण्यावरून एकदा हलकेच फिरवलं की वर तरंगणारी पानं बाजूला होतात आणि तळाचा चहा वर येतो.

यासाठी पानं कमी घ्या, १०० मि.ली. ला दीड ते दोन ग्रॅम, कारण ती शेवटपर्यंत पाण्यातच राहणार आहेत. मोगऱ्याच्या वासाचा चहा आणि हिरवा चहा असा छान लागतो. वाटी रिकामी होऊ द्यायची नाही. तिसरा हिस्सा चहा उरला की त्यावरच गरम पाणी घालायचं, म्हणजे पुढचा घोट एकदम फिका लागत नाही. कामात गढलेली असताना मी असाच पिते. मोजदाद नाही, दुसरा कप नाही.

त्याच पानांचा चहा किती वेळा होतो?

हिरवा चहा तीन-चार वेळा, काळा चार-पाच, चांगला ऊलाँग सहा-सात, पुअर आठ-दहा वेळाही. आकड्यापेक्षा जिभेवर विश्वास ठेवा. चव फिकी झाली आणि वेळ वाढवूनही नुसता गरम, गोडसर पाण्याचाच भास होऊ लागला की थांबा. दोन पाण्यांच्या मध्ये तास-दीड तास गेला तरी हरकत नाही, फक्त पानांत पाणी साचलेलं नको आणि झाकण किंचित उघडं असू दे. रात्रभर राहिलेली ओली पानं मात्र टाकून द्या.

चुऱ्याचा किंवा दाणेदार चहा यात होईल का?

नीट होत नाही. बारीक कण फटीतून सरळ बाहेर येतात आणि काही सेकंदांतच चहा गडद, कडक होतो. दूध घालून करायच्या चहाला उकळण्याचं पातेलंच हवं, गाइवान त्या कामाचा नाही. दार्जिलिंगसारखा अखंड पानांचा काळा चहा मात्र सुरेख होतो, तो बिनदुधाचाच प्या.

गाइवानबरोबर आणखी काय काय लागतं?

चहा काढून घ्यायला एक कप. बस. संचात येणारे लाकडी चिमटे, ताटल्या, ब्रश यांची रोज गरज पडत नाही. दोघांना प्यायचा असेल तर एक छोटा जग घ्या. आधी सगळा चहा जगात काढायचा आणि मग कपांत वाटायचा, नाहीतर पहिल्याला फिका आणि दुसऱ्याला कडक चहा मिळतो. सांडलेलं पाणी टिपायला जवळ एक जाड फडकं असू द्या.

कोणी हा कप घेऊ नये?

हात थरथरत असतील, बोटांचे सांधे दुखत असतील किंवा बोटांना गरम-गार नीट कळत नसेल, तर घेऊ नका. टेबलाशी लहान मूल खेळत असेल तेव्हाही आधणाचं पाणी आणि बिनकानाची वाटी एकत्र नको. अशांसाठी झाकणात किंवा चोचीत जाळी असलेल्या छोट्या, मुठीच्या किटल्या मिळतात. चव तितकीच चांगली येते, हात सुरक्षित राहतात.

धुवायचा कसा? डाग पडतात का?

पानं काढा, गरम पाण्याने विसळा, पालथा घालून निथळू द्या. रोज साबण नको. झाकणाच्या आतल्या बाजूला तपकिरी थर धरला तर खाण्याच्या सोड्याची चिमूट ओल्या फडक्यावर घेऊन चोळा, लगेच निघतो. सोनेरी नक्षी असेल तर तिथे चोळू नका. थंड पडलेल्या वाटीत एकदम आधण ओतण्यापेक्षा आधी थोडं गरम पाणी फिरवून टाका. वाटीही जपली जाते आणि पानं घालताच कोरड्या पानांचा वासही खुलतो.

झाकण फुटलं तर वाटी वाया जाते का?

नाही. माझं झाकण एका संध्याकाळी धुताना निसटलं आणि दोन तुकडे झाले. त्याच मापाचं सुटं झाकण मिळेना. मग घरातली एक उथळ बशी वाटीत ठेवून पाहिली, ती काठाच्या जरा आत, तिरपी बसली आणि पानं बरोबर अडली. सात-आठ महिने मी तशीच वापरली. काठाचा टवका उडाला असेल मात्र ती वाटी वापरू नका. ओठ किंवा अंगठा कापू शकतो.

घेण्याआधी करून बघता येईल का?

याच युक्तीने येईल. पसरट तोंडाची छोटी वाटी घ्या, तिच्या आत बसेल अशी बशी झाकण म्हणून ठेवा, कमी पाणी घाला आणि चहा दुसऱ्या कपात काढा. गाइवानइतकं सुबक होणार नाही, पण वीस सेकंदांत काढलेला आणि तीन मिनिटं ठेवलेला चहा शेजारी शेजारी चाखला की आपल्याला हे भांडं हवं की नको, ते त्याच दिवशी कळतं.

हात बसायला किती दिवस लागतात?

आधी दोन संध्याकाळी नुसतं थंड पाणी घेऊन सराव करा. वाटीत वापरलेली पानं घाला, पाणी भरा, झाकण कलतं करा, ओता. बोटं कुठे ठेवायची आणि फट किती ठेवायची हे थंड पाण्यात न घाबरता शिकता येतं. मग कोमट पाणी, मग ८० अंशांचा हिरवा चहा, आणि शेवटी आधणाचा ऊलाँग. मला दहा-बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी सकाळी मी फोनवर बोलत होते, डाव्या हातात फोन होता, आणि उजव्या हाताने चहा कपात काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी वाटीकडे बघितलंसुद्धा नव्हतं.